पंचांना काय दिसलं?

तलाठी म्हणून नोकरी झाली, तीही बहुतेक कर्जत-खालापूर या दोन तालुक्यांत. आता पळसदरीला असतो. पंचनामे, पैसेवारी, फेरफार यांत वर्षं गेल्यामुळे एक खोड जडली आहे: माणूस बोलत असताना त्यानं पाहिलेलं किती आणि त्याला वाटलेलं किती, याचे मनात दोन रकाने पाडायचे. घरात ही खोड कुणाला आवडत नाही. तरीही त्यातून जे हाती लागलं ते लिहून ठेवतो.

१. पडताना पाहिलं की पडलेलं पाहिलं?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि जिल्हा ओलांडून आत गेलं. आमच्या बाजूलाही पत्रे उडाले, आंबे-फणस उन्मळले. पंचनाम्याला गेलं की प्रत्येक घरी पहिलं वाक्य ठरलेलं: “भाऊसाहेब, वादळानं भिंत पाडली.” भिंत पडताना पाहणारं सहसा कुणी नसायचं, कारण माणसं शेजारच्या पक्क्या घरात नाहीतर शाळेत जाऊन बसलेली. दिसायचं ते एवढंच: मागची भिंत आत कोसळलेली, विटा भिजलेल्या, पत्रे पलीकडच्या खाचरात, वाशांना वाळवी. वाळवी वादळानं आणली नव्हती. पण वाळवी लागलेलं घर त्याच दिवशी पडलं यात वादळाचा हात नव्हता असंही म्हणता येत नाही.

मग लिहायचं कसं? “मागील भिंत पडलेली दिसली. वाशांना वाळवी दिसली. भिंत वादळाने पडल्याचे घरमालक सांगतात.” तीन वाक्यं, त्यांतली दोन पंचांची आणि तिसरं घरमालकाचं. घरमालकाला हे आवडायचं नाही; आपल्यावर संशय घेतला असं वाटायचं. खरं तर त्याची बाजू यानंच राखली जायची. उद्या वरून तपासणी आली तर वाळवी लपवली असं कुणी म्हणू शकायचं नाही.

२. एकाच शब्दांत बोलणारे तिघे म्हणजे एकच साक्षीदार.

पारावर पाच जण बसलेले असतात, पहिला बोलतो आणि बाकीचे “हां, तसंच” म्हणतात. त्यांच्या पाच सह्यांना मी कधी पाच माणसांचं वजन दिलं नाही. वेगवेगळं विचारल्यावर किरकोळ तपशिलात फरक पडला की उलट बरं वाटायचं. ज्यानं त्यानं आपापल्या डोळ्यांनी पाहिलेलं असतं, तेव्हाच तसा फरक पडतो.

३. आकडा घातला म्हणून मत मत राहत नाही असं नाही.

पडझडीच्या मदतीच्या निकषात, पक्क्या किंवा कच्च्या घराचं अंशतः नुकसान निदान १५ टक्के असावं लागतं. पंधरा हा आकडा नेमका आहे. पण उडालेली कौलं, तडकलेली एक भिंत आणि भिजलेलं धान्य यांचे टक्के कुठल्या टेपनं मोजायचे? अभियंता मोजतो तेव्हा त्यात निदान काही रीत असते. बाकी ठिकाणी आधी मनात ठरतं की या घराला मदत मिळायला हवी, आणि मग आकडा मागून येतो. तो आकडा खोटाच असतो असं नाही. पण त्याला मोजमाप म्हणू नये.

पैसेवारी म्हणजे गावाचं पीक रुपयात किती पैसे उतरलं याचा आकडा. तिच्यात हे जास्त स्वच्छ दिसतं, आणि मला ती पद्धत त्यासाठीच आवडायची. खरिपाची पैसेवारी तीनदा येते. सप्टेंबरात नजरअंदाज, ऑक्टोबरअखेर सुधारित आणि डिसेंबरात अंतिम. पहिल्या वेळी भात शेतात उभं असतं आणि गावाच्या समितीतले मंडळ अधिकारी, तलाठी, ग्रामसेवक, सरपंच, जाणते शेतकरी बांधावरून पाहून बोलतात. शेवटच्या वेळी निवडलेल्या शेतात चौकोन आखून कापणी, झोडणी आणि वजन झालेलं असतं. पन्नास पैशांच्या वर की खाली यावर पूर्वी गावाच्या सवलती ठरायच्या. दुष्काळ जाहीर करण्याबाबत केंद्राच्या २०१६ च्या संहितेनंतर पावसाची तूट, जमिनीतला ओलावा, उपग्रहातून दिसणारी हिरवळ यांवर भर आला, पण पैसेवारी निघतेच.

आमच्या भागात प्रश्न पावसाच्या तुटीचा क्वचित. परतीच्या पावसात तयार भात आडवं होण्याचा जास्त. सप्टेंबरातलं हिरवंगार शेत पाहून दिलेली पैसेवारी आणि ऑक्टोबरात चिखलात लोळलेल्या लोंब्या यांचा मेळ बसत नाही. म्हणून पहिल्या आकड्याला त्याच्या नावातच अंदाज म्हटलंय, आणि तो सुधारायची तारीखही आधीच ठरवून ठेवलीय. सरकारी कामाला नावं ठेवणाऱ्यांत मीही आहे, पण स्वतःच्या मताला सुधारणेची तारीख देणारी माणसं मी फार पाहिली नाहीत.

४. माप कुठल्या जागेचं, हे विचारावं.

महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. पर्जन्यमापकातलं पाणी ही वस्तुस्थितीच, तिच्याशी वाद नाही. पण मापक मंडळाच्या एका ठिकाणी असतो आणि आमच्या पाठीमागे सह्याद्रीची भिंत उभी आहे. कड्याखाली झोडपून काढणारा पाऊस चार मैलांवर नुसता भुरभुरतो. अशा वेळी “आमच्याकडे ढगफुटी झाली” म्हणणारा शेतकरी आणि “नोंद ४० मिलिमीटर” म्हणणारा कारकून एकमेकांना खोटं ठरवतात. मला दोघेही खरे वाटतात. चूक होते ती मापकाच्या जागेचा आकडा शेतकऱ्याच्या शेताचा म्हणून वाचण्यात.

५. सातबारा.

“सातबाऱ्यावर आहे” म्हटलं की गावात वाद संपतो. कायद्यात मात्र तो तिथे संपत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातली नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानायची असते. खरी मानणं आणि खरी असणं यांत जेवढं अंतर आहे, तेवढ्यावर दिवाणी कोर्टं चालतात. बांधाचंही तसंच. “बांध सरकवला” हा आरोप मी कानांनी इतक्यांदा ऐकलाय की मोजणीचा नकाशा हातात येईपर्यंत त्यावर हो-नाही काहीच बोलायचं नाही हे ठरून गेलं.

६. लोकांना असं वाटतं, हीसुद्धा वस्तुस्थितीच.

खोपोलीहून जुन्या रस्त्यानं खंडाळ्याकडे चढताना शिंग्रोबाचं देऊळ लागतं. गाडीवाले वेग कमी करून नाणं टाकतात. कथा अशी: घाटाची वाट इंग्रजांना सापडेना, शिंग्रोबा नावाच्या धनगरानं ती दाखवली, बक्षीस काय हवं विचारल्यावर त्यानं देशाचं स्वातंत्र्य मागितलं आणि साहेबानं त्याला गोळी घातली. कुणी ही गोष्ट रस्त्याची सांगतो, कुणी रेल्वेची.

रेल्वेचं कागदावरचं असं आहे. १८५६ मध्ये गाडी पळसदरीवरून खोपोलीपर्यंत आली. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे सुरू झाली. मधला घाट माणसं पालखीनं नाहीतर पायी चढायची. तो १८६३ मध्ये जोडला गेला, सदतीस फुटांना एक फूट अशा चढावानं. मुख्य अभियंता जेम्स बर्कली. पहिल्या कंत्राटदारानं काम सोडल्यावर सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये आला आणि थोड्याच दिवसांत वारला; त्याची पत्नी ॲलिस हिनं कंत्राट हाती घेऊन ते पुरं करून घेतलं.

मग शिंग्रोबा खोटा का? भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या तिसऱ्या कलमात “वस्तुस्थिती”ची उदाहरणं दिली होती. माणसानं काही पाहिलं किंवा ऐकलं ही वस्तुस्थिती, आणि त्याचं एखादं मत आहे हीसुद्धा वस्तुस्थिती. देऊळ आहे, नाणी पडतात, घाटावरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या असं मानतात, हे कुठल्याही कोर्टात सांगावं. गोळी घातल्याचं सांगायचं झालं तर “असं सांगतात” म्हणावं. यापुढचं माझं मत: कड्यातल्या वाटा जनावरांमागे फिरणाऱ्यांनाच ठाऊक असणार, आणि अशा माणसाचं नाव कंत्राटात लिहायची कुणाला गरज वाटणार नाही. पण हे मत झालं. माझ्या सहीशिवाय कुणी ते पुढे नेऊ नये.

७. “यादीत नाही.”

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाखालच्या इर्शाळवाडीवर दरड आली. ठाकरांची वाडी. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ताच राहिले. दुसऱ्या दिवशी विधिमंडळात सांगितलं गेलं की दरडप्रवण गावांच्या यादीत ही वाडी नव्हती. ते विधान खरं होतं. पण ते यादीबद्दल होतं, डोंगराबद्दल नव्हतं. यादी म्हणजे पाहणी करणाऱ्यांनी पाहणीच्या दिवशी, त्यांना जेवढं पाहता आलं त्यावरून काढलेलं जाणकार मत. असं मत टेबलामागून टेबल चढत जातं तेव्हा त्याच्या खालच्या अटी गळतात आणि शेवटी “यादीत नाही” म्हणजे “धोका नाही” असं वाचलं जातं. कुणी एकानं खोटं बोलावं लागत नाही. प्रत्येकानं एकेक शब्द गाळला की पुरे.

८. मत मागावं, पण कारणासकट.

जाणकाराच्या मताला कायद्यानंही जागा दिली आहे. जुन्या पुरावा कायद्यात कलम ४५, १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ३९. तोंडी साक्षीत मात्र ज्याचं मत त्यानंच, कशाच्या आधारावर ते सांगत यावं लागतं.

हल्ली कर्जत-खोपोली पट्ट्यात फार्महाऊसच्या पाट्या वाढल्यात. पनवेल-कर्जत लोकलच्या नव्या मार्गाचं काम दिसतं, ते खरं. “दोन वर्षांत भाव दुप्पट” हे एजंटचं भाकीत. मध्यंतरी डोंबिवलीचे एक ओळखीचे गृहस्थ बिगरशेती प्लॉटचे कागद घेऊन आले. सातबारा, बिगरशेतीचा आदेश, मोजणीचा नकाशा, गावनकाशावरचा रस्ता, सगळं मी बघितलं आणि कागद ठीक आहेत म्हणून सांगितलं.

“ते झालं हो काका. पण तुमचं मत काय? घ्यावी का?”

मी म्हटलं, मी घेणार नाही. डोंगराचा पायथा कापून ती जागा सपाट केली आहे, कापलेल्या मातीला आधाराची भिंत नाही, आणि वरून येणारा ओहोळ प्लॉटच्या कोपऱ्यातून वळवलाय. तिन्ही गोष्टी मी स्वतः जाऊन पाहिल्या आहेत. भूगर्भातलं मला कळत नाही; ते कळणाऱ्याला एकदा जुलैत, पाऊस चालू असताना घेऊन या.