मापावरचा गालिचा : ऑर्डर घेण्यापूर्वी

आपल्या कबनूर-इचलकरंजी पट्ट्यात कापड म्हणजे मीटर आणि पीक. एका पार्टीने नाकारलेला तागा दोन पैसे भाव पाडला की दुसरीकडे खपतो. म्हणून हॉटेल किंवा शोरूमच्या इंटिरिअरवाल्याने गालिचा मागितला, की आपले व्यापारी बांधव त्याच सवयीने होकार देतात. परंतु मापावर बनलेला गालिचा परत आला तर तो दुसऱ्या कोणाच्या खोलीत बसत नाही. सगळे भांडवल त्या एका नगात अडकते.

तो बनवायचा कोठे, हा पहिला प्रश्न. 52 इंची पन्ह्याच्या मागावर 12 फुटी नग निघत नाही आणि जोड दिलेला नग पार्टी घेत नाही. लव असलेला माल भदोही-मिर्झापूरकडे होतो. बिनलवेची सतरंजी हवी असेल तर धारवाड जिल्ह्यातील नवलगुंद आपल्याला जवळ. तेथील जमखाना मुस्लिम स्त्रिया घरच्या उभ्या मागावर विणतात. ही कला विजापूरहून आली असे सांगतात. 2011 साली तिला भौगोलिक निर्देशांक मिळाला, पण विणणारे हात आता फार थोडे उरले आहेत. महिन्याभरात हॉटेलची लॉबी भरायची असेल तर त्या बायांवर घाई लादू नये. एखाद्या दालनापुरती ऑर्डर द्यावी आणि मजुरीत घासाघीस करू नये, असे आमचे मत आहे.

माप स्वतः घ्यावे, नकाशावर विसंबू नये. लांबी-रुंदीबरोबर दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे नसतील तर खोली काटकोनात नाही. दरवाजाखालची फट पाहावी, नाहीतर लव घासून दरवाजा अडतो. जेवणाच्या टेबलाभोवती दोन फूट जादा धरावे, म्हणजे मागे सरकवलेली खुर्ची गालिच्यावरच राहते. वर्दळीच्या जागी लव आखूड व दाट असावी. लोकर सहजासहजी पेट घेत नाही, पॉलिप्रॉपिलीन मात्र वितळून जळते, हे हॉटेलवाल्याला आधीच सांगावे.

नमुना फूटभर विणून घ्यावा आणि त्याच खोलीत, तिथल्याच दिव्याखाली दाखवावा. दिवसाचा मेंदी रंग पिवळ्या दिव्यात निराळा दिसतो. पसंतीनंतर त्याचे दोन तुकडे करून दोन्हींवर सही घ्यावी. एक पार्टीकडे, एक कारागिराकडे. सूत एकाच घाणीत रंगवावे आणि थोडे जास्तच रंगवावे, कारण दुसऱ्या घाणीची छटा जुळत नाही. निदान सुताची रक्कम हाती आल्याशिवाय रंगारीकडे माल पाठवू नये. आपल्या बाजारातील उधारीचा धारा येथे चालवू नये.

आणखी एक. 12 फुटी गुंडाळी लिफ्टमध्ये मावत नाही. जिन्याचे वळण मोजून हमालीचा खर्च भावातच धरावा.