वाळवीची वाट आधी तोडा

वासा बोटाच्या पेराने ठोकून पाहावा. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ, बद्द आवाज आला तर आत लाकूड राहिलेलं नाही. रत्नागिरीजवळच्या आमच्या गावच्या घरात सुतारकाकांनी माजघराची तुळई अशी ठोकली, मग पटाशी टेकवली, आणि ती मुठीपर्यंत आत गेली. वरून तुळई धडधाकट दिसत होती, रंगसुद्धा शाबूत. वाळवीला उजेड आणि कोरडी हवा सोसत नाही, म्हणून ती बाहेरचा पापुद्रा राखून आतूनच खाते.

गावातल्या कितीतरी घरांसारखं आमचंही घर गणपतीला आणि शिमग्याला उघडतं, एरवी कुलूप. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, पाणी पिणाऱ्या चिऱ्याच्या भिंती, त्यात महिनोन्महिने बंद खोल्या. तुळईचं कळल्यावर भिंतीलगतचं लोखंडी कपाट हलवलं, तर मागे मातीची नळी जमिनीपासून वर चढलेली. लोखंड वाळवी खात नाही, पण त्यावरून नळी बांधत ती फटीतून आत शिरते. खालच्या कप्प्यात आजोबांच्या आंब्याच्या हिशेबाच्या वह्या होत्या. मुंबईला गेलेल्या पेट्या, दलालांची नावं, भाव, मजुरी. हाताला लागली ती माती. खरेदीखताची प्रत दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातून मिळते, सातबारा आता घरबसल्या निघतो. त्या वह्यांची प्रत कुठेच नाही. तुमच्या घरात असं हाताने लिहिलेलं काही असेल तर आधी त्याचे फोटो काढून ठेवा आणि ती कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. बाकीचं पुढे वाचलंत तरी चालेल.

पहिल्यांदा ज्यांना बोलावलं त्यांनी लाकडावर औषध मारलं, नळ्या झाडल्या, हमीचा कागद दिला. पुढच्या पावसाळ्यात वाळवी दुसऱ्या खांबातून वर आली. घराला लागणाऱ्या वाळवीचं बिऱ्हाड बहुतेक वेळा जमिनीत असतं. राणी तिथे, अंडी तिथे, ओलही तिथलीच. लाकडात सापडतात त्या कामकरी. त्या मारल्या तरी खालून नव्या येत राहतात. म्हणून जमीन आणि लाकूड यांच्यामधली वाट तोडणं हे खरं काम, आणि ते घरातल्या माणसांनाच करावं लागतं.

आमच्याकडे या वाटा उघड्यावरच होत्या. पावसाळ्याची बेगमी म्हणून पडवीत भिंतीला टेकून रचलेलं सरपण आणि झावळ्या. नव्या न्हाणीघराचा गळका पाइप, त्याने बारमाही ओला राहिलेला कोपरा. फुलझाडांसाठी जोत्यावर चढवलेली माती. जुन्या माणसांनी माजघराचे खांब दगडी तळखड्यावर उभे केले होते, ते आजही शाबूत आहेत. पडवी वाढवताना नवे खांब मात्र सरळ जमिनीत पुरले गेले. वाळवी आधी त्यांना लागली, तिथून वाशांत आणि मग तुळईत गेली. सरपण भिंतीपासून दूर, चिऱ्यांवर रचावं. जोत्याभोवतीची माती खाली उतरवावी. गळती त्याच आठवड्यात दुरुस्त करावी. नवं घर बांधत असाल तर जोत्याच्या भरावात सेंटरिंगच्या फळ्यांचे तुकडे, खुंट्या, मुळं राहू देऊ नका. फरशीखाली वाळवीसाठी वाढून ठेवलेलं ताटच ते.

औषधोपचाराची रीत भारतीय मानक ब्युरोच्या आयएस ६३१३ या मानकात दिली आहे. बांधून झालेल्या घरात फरशी आणि भिंत मिळतात त्या रेषेवर साधारण ३० सेंटिमीटर अंतराने १२ मिलिमीटरची भोकं पाडायची, त्यांतून औषध खालच्या मातीत मुरवायचं आणि भोकं बुजवायची. बाहेरून भिंतीच्या कडेने मातीतही ते उतरवायचं. नुसतं फवारून जाणाऱ्याला हे विचारा. डबा सीलबंद आणावा, तुमच्यासमोर फोडावा, लेबलवरच्या प्रमाणातच पाणी मिसळावं. क्लोरपायरीफॉस २० टक्क्यांचं असेल तर १ टक्क्याच्या द्रावणासाठी एक लिटरला १९ लिटर पाणी लागतं. जास्त पाणी घातलं तर पैसे वाया जातात.

आणि विहीर. आपल्याकडे ती मागच्या दारीच असते. चिऱ्यात भेगा आणि पोकळ्या असतात, त्यातून भिंतीलगत ओतलेलं औषध पाण्यापर्यंत जाऊ शकतं. क्लोरपायरीफॉससारखी औषधं माशांना मारक आहेत, तेच पाणी आपण पितो. विहिरीकडच्या बाजूला आम्ही औषध घालूच दिलं नाही. तिथे माती उतरवली, खांब कापून खाली दगड दिले आणि डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं. भर पावसात तर हे काम कुठल्याच बाजूला करू नये. कुणी घाई केली तरी ठाम नाही म्हणा.

रॉकेल ओतलं की समोर दिसते तेवढी वाळवी मरते, बिऱ्हाड राहतं. काजूच्या टरफलाचं तेल लाकडाला चोपडायची जुनी रीत चांगली आहे, पण ते कातडीला लागलं तर फोड येतात, हातमोजे घालूनच लावावं. मातीची नळी कुठेच नाही आणि फर्निचरखाली खसखशीएवढे कोरडे दाणे पडत असतील, तर ती कोरड्या लाकडात राहणारी वेगळी वाळवी. तिच्यासाठी जमिनीत औषध घालून उपयोग नाही, त्या लाकडातच भोकं पाडून ते भरावं लागतं. बागेच्या टोकाला वारूळ असेल तर ते फोडायला धावू नका. पालापाचोळ्याची माती करणारी वाळवीच असते, आणि सगळ्याच जाती घरात शिरत नाहीत.

पहिल्या पावसानंतर संध्याकाळी दिव्याभोवती वाळवीचे पंखवाले किडे येतात, ते बाहेरून आले तर काळजी नाही. ते फरशीच्या सांध्यातून किंवा चौकटीतून निघाले, खिडकीत पंखांचा ढीग दिसला, तर बिऱ्हाड घराखाली किंवा घरातच आहे. बंद घर असेल तर ज्यांच्याकडे किल्ली आहे त्या शेजारच्या काका-काकूंना जूनमध्ये एवढं बघायला सांगा. गणपतीला घर उघडलं की मखर बांधण्याआधी टॉर्च घेऊन कपाटांमागे, चौकटींच्या तळाशी, पडवीच्या खांबांवर पाहा. नळी दिसली तर सगळी झाडू नका. बोटभर फोडा, दोन दिवसांनी पुन्हा पाहा. ती बुजवलेली असेल तर वाळवी जिवंत आहे, आणि पाऊस ओसरला की काम कुठून सुरू करायचं तेही त्या नळीच्या तळाशीच दिसेल.