सौर पंपाच्या प्लेटा धुण्यासाठी ब्रशाची निवड व विसळण्याची पद्धत

नागपूर जिल्ह्यातील संत्रा बागाईतदारांस आंबिया बहाराची निगा ठाऊक आहेच. डिसेंबरात ताण, जानेवारीत पहिले पाणी, त्यानंतर फुले व फळधारणा, आणि मग मृगापर्यंत पाण्यात खंड न पडू देण्याची धडपड. फेब्रुवारी ते जून या महिन्यांत पाणी कमी पडले तर फळगळ होते व वर्षाची मेहनत वाया जाते. ज्यांच्या विहिरीवर अथवा बोअरवर सौर पंप बसला आहे, त्यांचे हे पाणी सर्वस्वी प्लेटांवर पडणाऱ्या उन्हावर अवलंबून असते. नेमक्या याच महिन्यांत पाऊस नसतो. गहू-हरभऱ्याच्या मळणीचा भुसा उडतो, गाडीवाटेची धूळ उठते, आणि खापरखेडा, कोराडी, उमरेड या बाजूंस राख व कोळशाची भुकटीही येऊन बसते. पाण्याची गरज सर्वांत अधिक आणि प्लेटा सर्वांत अधिक मळलेल्या, असा हा योग आहे.

केंद्र सरकारच्या २०१९ मधील कुसुम योजनेतून व राज्याच्या २०२४ मधील ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतून हे पंप गावोगाव पोहोचले आहेत. पंप बसविला की काम संपले, अशी समजूत मात्र अनेक ठिकाणी दिसते. काही ठिकाणी याच्या उलट घडते. हौसेने प्लेटा घासल्या जातात, पण खराट्याने, राखेने किंवा बोअरच्या जड पाण्याने. आणि काच स्वच्छ होण्याऐवजी कायमची धुरकट होते. यास्तव ब्रश कोणता घ्यावा व काच कशी विसळावी, याची माहिती येथे दिली आहे.

धुळीने पाणी का घटते

प्लेटेतील सौरघट एकापुढे एक असे साखळीत जोडलेले असतात. साखळीतील एक घट झाकला गेला तर त्या साखळीतून जाणारा सर्व प्रवाह अडतो. प्लेटा दक्षिणेकडे उतरत्या असल्यामुळे धूळ व दव यांचा चिखल घसरून खालच्या चौकटीशी साचतो व तेथे पट्टा तयार होतो. पट्टा दोन बोटांचाच असला तरी उभ्या बसविलेल्या प्लेटेत तो खालच्या ओळीतील सर्व घटांवर सावली टाकतो. म्हणून वरची काच चकचकीत दिसत असूनही पंप मंदावल्याचे आढळते.

दुसरी गोष्ट पंपाची. ठराविक खोलीवरून पाणी उचलण्यासाठी पंपास ठराविक वेग घ्यावाच लागतो. तेवढी शक्ती न मिळाल्यास पंप फिरतो, परंतु पाणी वर येत नाही. खोल बोअरवर मळलेल्या प्लेटांचा पंप सकाळी उशिरा पाणी टाकू लागतो व दुपारनंतर लवकर थांबतो. अशा वेळी शक्तीतील थोडी घट पाण्यात मोठी होऊन दिसते.

ब्रशाची निवड

प्लेटेवरील काच कडक केलेली असते. परंतु तिच्या पृष्ठभागावर बहुधा ऊन परावर्तित होऊ नये म्हणून एक अतिशय पातळ थर दिलेला असतो. हा थर एकदा घासला गेला की परत देता येत नाही. प्लेटांचे आयुष्य सुमारे २५ वर्षे धरले जाते. तेवढी वर्षे काच टिकवावयाची असल्याने ब्रश निवडताना केवळ ‘मळ किती निघतो’ एवढेच न पाहता ‘काच किती राखली जाते’ हेही पाहावे.

शहरांत उंच इमारतींच्या काचा जमिनीवर उभे राहून धुण्यासाठी लांब दांड्याचा, नळीतून पाणी येणारा ब्रश वापरतात. आपल्या कामास तोच प्रकार सोईस्कर आहे. त्यात पाहावयाच्या गोष्टी पुढीलप्रमाणे आहेत.

केस : नायलॉनचे मऊ व टोकाशी चिरलेले केस सर्वांत चांगले. चिरलेली टोके पाणी धरून ठेवतात व बारीक धूळ अलगद उचलतात. डुकराच्या केसांचा ब्रश मळ चांगला काढतो, परंतु तो लवकर झिजतो. कडक नायलॉनचा ब्रश लोखंडी चौकट व पाय धुण्यापुरताच ठेवावा. खराटा, काथ्या, तारेची घासणी, पोते व भांडी घासण्याची पावडर काचेस लावू नये.

रुंदी व वजन : सुमारे ३० ते ४५ सेंटीमीटर रुंदीचा ब्रश पुरे. त्याहून रुंद ब्रश पाण्याने भरला की लांब दांड्यावर आवरत नाही, आणि दमलेला मनुष्य तो काचेवर दाबू लागतो.

दांडा : काचतंतूचा, म्हणजे फायबरचा, कमी-जास्त करता येणारा दांडा घ्यावा. ॲल्युमिनियमचा वा लोखंडी दांडा जवळून वीजतारा जात असल्यास प्राणघातक ठरतो. ओला बांबूही वीज वाहतो, हे विसरू नये. कोणताही दांडा वीजतारांपासून दूरच ठेवावा.

पाण्याची तोटी : ब्रशातून येणारे पाणी केसांच्या मधोमध पडावे, म्हणजे सुटलेली धूळ लगेच वाहून जाते. शेवटच्या विसळणीसाठी पंख्याप्रमाणे पसरट धार टाकणारे नोझल निराळे ठेवावे.

विकत घेण्यापूर्वी केस तळहाताच्या पाठीवर फिरवून पाहावेत. ते टोचले तर तो ब्रश काचेसाठी नव्हे. घरी आणल्यावर निरुपयोगी काचेच्या तुकड्यावर पाणी टाकून तो शंभर वेळा फिरवावा व काच उन्हात तिरपी धरावी. ओरखडे दिसल्यास ब्रश बदलावा.

धुतल्यानंतर ब्रश स्वच्छ पाण्यात झटकून सावलीत टांगावा. केसांत अडकलेला वाळूचा एक कण पुढील खेपेस सर्व प्लेटांवर रेघ ओढतो. ब्रश उन्हात पडून राहिल्यास नायलॉन ठिसूळ होते.

पाणी कोणते वापरावे

काटोल, नरखेड, कळमेश्वर या तालुक्यांतील काळ्या पाषाणातून येणाऱ्या पाण्यात चुना व मॅग्नेशियमचे क्षार असतात. कोठे कमी, कोठे जास्त, एवढाच फरक. पाणी वाळले की क्षार काचेवर राहतात. समजा, पाण्याच्या एका लिटरमध्ये ८०० मिलिग्रॅम क्षार आहेत आणि धुतल्यावर एका प्लेटेवर १०० मिलिलिटर पाणी वाळले. तर त्या प्लेटेवर ८० मिलिग्रॅम क्षार उरले. ऑक्टोबर ते जून या काळात अशा १८ धुण्या झाल्या तर जवळजवळ दीड ग्रॅम होतात. त्यांतील काही भाग पुढच्या धुण्यात निघून जातो. परंतु उन्हाने भाजलेला चुन्याचा थर काचेस धरून बसतो, व तो काढण्यासाठी घासावे तर काच जाते.

पावसाच्या पाण्यात क्षार नाममात्र असतात. ५० चौरस मीटरच्या टिनाच्या छपरावर १० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे ५०० लिटर पाणी मिळते. छपरावरील मळ धुऊन जाण्यासाठी पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी सोडून द्यावे. त्यानंतर फडक्यातून गाळून २०० लिटरची दोन पिंपे भरावीत. पिंपे झाकून सावलीत ठेवावीत, म्हणजे शेवाळ व डास होणार नाहीत. पाच अश्वशक्तीच्या पंपास साधारण दहा प्लेटा धरल्या व शेवटच्या विसळणीस प्रत्येकी दोन लिटर पाणी लागले, तर एका धुण्यास २० लिटर पुरतात. पंधरा दिवसांनी एकदा याप्रमाणे नऊ महिन्यांच्या १८ धुण्यांस ३६० लिटर होतात. म्हणजे दोन पिंपांत पुढील पावसाळ्यापर्यंतची सोय होते.

आपल्या पाण्यात एकूण क्षार किती आहेत हे टीडीएस मीटर या पेनाएवढ्या उपकरणाने कळते. ग्रामस्तरीय कार्यकर्त्याने असे एक मीटर जवळ बाळगल्यास सबंध गावाचे काम भागेल.

धुण्याची व विसळण्याची रीत

धुणे पहाटे, सूर्योदयापूर्वी करावे. भर दुपारी काच अतिशय तापलेली असते. तीवर थंड पाणी पडल्यास तडा जाण्याचा संभव असतो, शिवाय पाणी विसळण्यापूर्वीच वाळते. सौर पंप पहाटे चालत नाही, म्हणून आदल्या दिवशी दुपारीच विहिरीचे पाणी हौदात अथवा ड्रममध्ये भरून ठेवावे.

ब्रशास पाणी पुरविण्यासाठी बॅटरीवर चालणारा पाठीवरचा फवारणी पंप उत्तम. मात्र तो केवळ याच कामासाठी ठेवलेला, नवा असावा. कीटकनाशक वा तणनाशक भरलेला पंप कितीही धुतला तरी या कामी घेऊ नये.

प्रथम कंट्रोलरचा स्विच बंद करावा. स्विच बंद केला तरी प्रकाश असेपर्यंत प्लेटांत वीज राहते, आणि साखळीत जोडलेल्या दहा प्लेटांचा दाब काही शे व्होल्ट होतो. म्हणून काच फुटलेली, वायर सोललेली वा जोड सैल झालेला दिसल्यास पाणी न मारता पंप बसविणाऱ्या कंपनीस कळवावे. प्लेटेवर चढू नये अथवा टेकू नये. वजनाने आतील घटांस डोळ्यांस न दिसणाऱ्या चिरा पडतात.

त्यानंतर पुढील क्रमाने काम करावे.

१. कोरडी काच घासू नये. विहिरीच्या पाण्याने प्लेट वरपासून खालपर्यंत भिजवून दोन-तीन मिनिटे थांबावे. पक्ष्यांच्या विष्ठेवर ओले फडके पंधरा मिनिटे ठेवावे.

२. आधी वरची चौकट धुवावी. तेथील धूळ राहिल्यास ती मागाहून ओघळून धुतलेल्या काचेवर येते.

३. ब्रश वरून खाली सरळ ओढावा. त्याचे स्वतःचे वजन पुरे असते, हाताने दाब देऊ नये. पाणी सतत वाहते ठेवावे.

४. खालची चौकट व दोन्ही कोपरे दोनदा धुवावेत. चिखलाचा पट्टा तेथेच असतो.

५. काच वाळू न देता पावसाच्या पाण्याने वरून खाली विसळावे. यावेळी काचेवर पाणी कसे वागते ते पाहावे. पाणी सलग पसरत असेल तर ब्रशाची टोके काचेस अलगद लावूनच विसळावे, म्हणजे कमी पाण्यात काम होते. पाण्याचे थेंब होऊन सुटत असतील तर ब्रश उचलून पसरट धारेने विसळावे. अशा काचेवर ब्रश टेकलेला राहिल्यास केसांतील मळ थेंबांत अडकतो व ठिपके उरतात.

६. विसळल्यावर फडक्याने पुसू नये. पावसाचे पाणी डाग न ठेवता वाळते.

पावसाचे पाणी संपले असल्यास विहिरीच्या पाण्याने विसळून, ते वाळण्यापूर्वी मऊ रबराच्या वायपरने एकाच ओढीत निथळून घ्यावे. पाणी वाळू द्यावयाचे नाही, हेच यातील मर्म होय.

बोर्डो मिश्रणाविषयी सावधगिरी

संत्रा बागेत मोरचूद व चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारतात. पावसानेही सहज धुतले जाऊ नये, पानास चिकटून राहावे, हाच त्याचा गुण. काचेवर मात्र तोच गुण दोष ठरतो. फवारणीपूर्वी जवळच्या प्लेटा ताडपत्रीने झाकाव्यात व वाऱ्याची दिशा पाहावी. तरीही शिंतोडे उडाल्यास ते ओले असतानाच, परंतु काच तापलेली नसताना धुवावेत. म्हणून प्लेटांजवळील ओळी पहाटेच फवारणे बरे. जुने डाग काढण्यासाठी शौचालयाचे ॲसिड, धुण्याचा सोडा वा कपड्यांची पावडर वापरू नये. प्लेटेसोबत आलेली पुस्तिका पाहून कंपनीचा सल्ला घ्यावा.

प्रात्यक्षिक कसे दाखवावे

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी ही गोष्ट सांगण्यापेक्षा मोजून दाखवावी. निरभ्र दिवशी दुपारी बारा वाजता २०० लिटरचे पिंप किती सेकंदांत भरते ते शेतकऱ्याच्याच हाताने टिपावे. दुसऱ्या पहाटे प्लेटा धुवाव्यात व त्याच वेळी पुन्हा मोजावे. उदाहरणार्थ, पिंप आधी ८० सेकंदांत व नंतर ७० सेकंदांत भरले, तर तासाचे पाणी ९,००० लिटरवरून सुमारे १०,३०० लिटरवर गेले. याच वेगाने सहा तास पंप चालल्यास दिवसास साडेसात हजारांहून अधिक लिटर पाणी जास्त मिळाले. फरक न दिसल्यास तेही प्रामाणिकपणे नोंदवावे. प्लेटा मुळात स्वच्छ असतील किंवा दोष दुसरीकडे असेल.

धुण्याचे अंतरही याच मोजमापाने ठरवावे. सर्वसाधारणपणे पंधरा दिवसांतून एकदा पुरते. कच्चा रस्ता, वीटभट्टी वा कोळशाची खाण जवळ असल्यास आठवड्यास एकदा धुवावे लागेल. पावसाळ्यात वरची काच आपोआप धुतली जाते, परंतु खालचा पट्टा व विष्ठा राहते, तेवढीच काढावी.

मऊ ब्रश, हलका हात व शेवटची विसळ पावसाच्या पाण्याची, एवढे सांभाळले की पुरे. यास फारसा खर्च नाही. पहाटेचा तासभर मात्र द्यावा लागतो. येत्या मृगात घराच्या वळचणीखाली दोन पिंपे मांडून शेतकरी बंधूंनी या कामास प्रारंभ करावा, म्हणजे पुढील आंबिया बहारास त्याचा लाभ होईल.