बिनमोटरचं मशीन

मुलुंडच्या आमच्या घरात खिडकीशी पायाचं शिवणमशीन आहे. सासूबाईंचं होतं, आता माझं. ब्लाउज, परकर, उशांचे अभ्रे, बाळंतविड्याची झबली-टोपडी, शेजारच्या मुलांच्या युनिफॉर्मच्या पॅण्टी लांब-आखूड करणं, सगळं त्याच्यावरच होतं. "आता मोटर बसवून घ्या की," असं येणारा-जाणारा सुचवतो. मी बसवलेली नाही. इतक्या वर्षांत जे कळलं ते लिहिते, म्हणजे कारण पुन्हा पुन्हा सांगायला नको.

१. वेग आपल्या पायात राहतो. ब्लाउजची बाही मुंढ्याला जोडताना याचं मोल समजतं. स्वस्तातली मोटर पाय टेकताच सुसाट सुटते आणि गोलाईत चुणी पडते. पायमशीनवर हवा तर एकच टाका घालता येतो, थांबून कापड वळवता येतं, पुन्हा एक टाका. हे पहिल्या दिवशी जमत नाही. माझ्याकडे शिवण शिकायला येणाऱ्या मुलींना मी आधी दोऱ्याशिवाय नुसता पाय मारायला लावते, मग वर्तमानपत्राच्या ओळींवरून बिनदोऱ्याची सुई चालवायला. वरचं चाक नेहमी आपल्याकडे फिरलं पाहिजे. उलटं गेलं की दोरा गुंतलाच. म्हणून सुरुवात हाताने चाक ओढून करायची आणि लगेच पायाने ताल धरायचा. टाच आणि चवडा आळीपाळीने. मुली कंटाळतात, पण नंतर सरळ शिवण येते ती यामुळेच.

२. बिघाड डोळ्यांना दिसतो. खालून दोऱ्याचा गुंता येऊ लागला की बहुतेक जण बॉबिनच्या डबीला दोष देतात. बहुतेकदा घोटाळा वरच्या दोऱ्यात असतो: तो टेन्शनच्या चकत्यांत नीट बसलेला नसतो. टाके सुटत असतील तर सुई बदला. बोथट झाली असेल किंवा सपाट बाजू चुकीकडे लागली असेल. मलमलीला ११ नंबर, साध्या सुती कापडाला १४, जाड कापडाला १६. कापड पुढे सरकत नसेल तर दात्यांखालचा मळ जुन्या टूथब्रशने काढा. पावसाळ्यात चामड्याचा पट्टा सैल पडून घसरतो. बोटभर कापून आकडा पुन्हा अडकवायचा, झालं. एवढ्यासाठी कारागिराची वाट पाहावी लागत नाही.

३. खोबरेल तेल घालू नका. घरात आहे म्हणून घालतात आणि ते थिजून चिकट होतं. जाम झालेल्या मशीनला आधी रॉकेलचे थेंब, चाक फिरवून पुसून घ्यायचं, मग मशीनचंच तेल.

४. जुनं घेताना सुट्या भागांची चौकशी आधी, नक्षीचं कौतुक नंतर. चोरबाजारात किंवा ओळखीतून मशीन घेताना सोनेरी वेलबुट्टीवर नजर जाते. आपल्याकडची बरीचशी घरगुती काळी मशिनं सिंगरच्या एकाच जुन्या नमुन्यावर बेतलेली आहेत. त्यांच्या सुया, गोल बॉबिनी, डब्या कोणत्याही उपनगरातल्या शिवणसामानाच्या दुकानात मिळतात. पण त्याहून जुन्या काही मशिनांत होडीच्या आकाराचं लांबट शटल असतं. ते हरवलं असेल तर मशीन शोभेचंच.

सिंगरच्या बुडाशी नंबर असतो, तोही पाहा. 'वाय' अक्षराने सुरू होत असेल तर ते १९२१ ते १९३५ या काळात स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यात तयार झालेलं. तो कारखाना १९८० मध्ये बंद पडला, पण तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव अजून 'सिंगर' आहे. तिथून हे लोखंड आपल्याकडे पोचलं त्यात एका पारशी माणसाचा मोठा हात: नसरवानजी मेरवानजी पटेल यांनी कंपनीचा भारतातला कारभार कित्येक दशकं सांभाळला. मशीन हप्त्यांवर देण्याची सिंगरची पद्धत होती, नाहीतर साध्या शिंप्याला ते कुठलं परवडायला! देशी 'उषा' कलकत्त्यात आली ती १९३५ नंतर.

यंत्रांच्या वेडाला विरोध करणाऱ्या गांधीजींनीसुद्धा १९२४ मध्ये सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला. सिंगरने बायकोचे कष्ट पाहून, तिच्यावरच्या प्रेमापोटी हे यंत्र बनवलं, अशी त्यांची समजूत होती. सिंगरसाहेबांनी प्रत्यक्षात एकाच वेळी अनेक संसार थाटले होते आणि यंत्राच्या हक्कावरून १८४६ चं पेटंट असलेल्या एलायस हाऊ यांच्याशी त्यांची कोर्टबाजी झाली. गांधीजींचा अपवाद मात्र मला पटतो. या यंत्राने माणसाला बाजूला सारलं नाही. चालवणारा उठला की ते थांबतं.

५. वीज गेली तरी काम अडत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, उपनगरांत बऱ्याच ठिकाणी वीज बंद राहिली. खिडकीचा उजेड असेतो माझं शिवण चालू होतं. अर्थात, एरवी वीज असतेच. एवढ्या एका कारणासाठी कुणी पायमशीन घ्यावं असं मी म्हणणार नाही.

६. स्टुलाची उंची जमली नाही तर पाठ धरते. आणि फरशीवर थेट ठेवलं तर खालच्या मजल्यावरचे आवाजाची तक्रार घेऊन वर येतात, म्हणून पायांखाली रबराचे तुकडे.

७. दिवसभराचं धंद्याचं काम असेल तर मोटर लावा. रोज ढीगभर ब्लाउज शिवून पोट भरणाऱ्या बाईला पाय मारण्याचं माहात्म्य सांगणं हा आमच्यासारख्या सवडीने शिवणाऱ्यांचा उद्धटपणा आहे. तिचे गुडघे तिलाच सांभाळायचे असतात.

८. राग येतो तो टेबलांचा. कॅफेत आणि घरांच्या सजावटीत हल्ली या मशिनांचे बिडाचे सांगाडे दिसतात. वर काच किंवा फळी, खाली पायपट्टी लहान मुलं हलवत बसतात. मोडक्या मशीनचं करा की टेबल, हरकत नाही. चालत्या मशीनचं डोकं काढून भंगारात घालायचं, हे मला बघवत नाही.

घाटकोपरच्या पंतनगरपासून अंधेरीच्या डी. एन. नगरपर्यंत जुन्या इमारती पाडून टॉवर होताहेत. भाड्याच्या घरात जाताना माळे रिकामे होतात आणि आजीचं मशीन गेटपाशी येतं. तुमच्याकडे तशी वेळ आली तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी वरचं चाक हाताने आपल्याकडे फिरवून बघा. थोडंसं हललं तरी ते दुरुस्त होण्याची शक्यता मोठी आहे. सोसायटीच्या ग्रुपवर टाका, महिला मंडळात विचारा. शिवण शिकणारी एखादी मुलगी सापडेलच. आणि देताना डबी, बॉबिनी आणि सुयांची पुडी आठवणीने बरोबर द्या.