फॉरमॅट मारण्यापूर्वी



तुझे पत्र पावले. लॅपटॉपवर विंडोजच्या शेजारी लिनक्स बसवल्यापासून खेळ मंद चालतो, विंडोजमध्ये परतल्यावर घड्याळ काही तास मागे पडलेले दिसते, आणि खेळ ठेवलेल्या पार्टिशनवर कधीकधी काहीच लिहिता येत नाही, या तीन तक्रारींचा एकत्र विचार करून तू सर्व काही पुसून टाकण्याच्या, म्हणजे तुमच्या वसतिगृहातील भाषेत फॉरमॅट मारण्याच्या, निर्णयाप्रत आला आहेस असे दिसते. तो निर्णय तू तूर्त तहकूब ठेवावास अशी माझी आग्रहाची सूचना आहे. कारण या तिन्ही तक्रारींची कारणे भिन्न आहेत, ती शोधून काढता येण्याजोगी आहेत, आणि फॉरमॅट मारल्याने त्यांपैकी एकीचेही मूळ नाहीसे होणार नाही.

आपल्याकडे संगणक दुरुस्तीच्या व्यवसायात ही रीत रूढ आहे आणि तिचे कारणही समजण्यासारखे आहे. दुकानदाराजवळ वेळ थोडा असतो, गिऱ्हाइकाला यंत्र संध्याकाळपर्यंत परत हवे असते, आणि बिघाडाचे मूळ शोधण्याची मजुरी द्यावयास कोणी राजी नसतो. तेव्हा सर्व पुसून नव्याने बसवणे हाच त्याला परवडणारा उपाय ठरतो. तू मात्र दुकानदारही नाहीस आणि गिऱ्हाईकही नाहीस. यंत्र तुझे आहे, आणि ‘ऑपरेटिंग सिस्टिम’ हा जो विषय तू परीक्षेपुरता वाचतोस तोच या यंत्रात अहोरात्र प्रत्यक्ष चालू आहे.

लिनक्सविषयी मला जी आस्था वाटते ती ते विनामूल्य मिळते म्हणून नव्हे. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली त्याचा गाभा, म्हणजे कर्नल, प्रसिद्ध केला आणि पुढील वर्षी तो जीपीएल या परवान्याखाली आणला, तेव्हापासून त्याची मूळ संहिता वाचण्याची, तीत फेरफार करण्याची आणि ती दुसऱ्यास देण्याची सर्वांना मुभा आहे. परंतु तुझ्यामाझ्यासारख्या रोज वापर करणाऱ्याच्या दृष्टीने मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट अशी की ही प्रणाली आपल्या कारभाराची बारीकसारीक नोंद ठेवते आणि ते दप्तर मालकापासून दडवून ठेवत नाही. ‘डीमेसेज’ ही कमांड दिलीस की यंत्र सुरू झाल्यापासून कर्नलने काय पाहिले ते समोर येते. ‘जर्नल-सीटीएल’कडे मागच्या बूटची नोंद मागितलीस की यंत्र हँग होण्यापूर्वीच्या अखेरच्या ओळी बहुधा वाचावयास मिळतात. तर्क लढवण्यापूर्वी हे दप्तर उघडावे, ही सवय तू आयुष्यभरासाठी अंगी बाणवावीस असे मला मनापासून वाटते.

घड्याळाचे प्रकरण सर्वांत सोपे, म्हणून ते आधी निकालात काढू. तुझे घड्याळ ‘काही तास’ नव्हे, तर नेमके साडेपाच तास मागे असले पाहिजे; संध्याकाळी साडेसात वाजता ते दुपारचे दोन दाखवत असेल. मदरबोर्डवरील घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवते, लिनक्स यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, ठेवते. आणि भारतीय प्रमाणवेळ तिच्यापुढे साडेपाच तास असल्याने एकाने लिहिलेली वेळ दुसऱ्याने आपल्या समजुतीप्रमाणे वाचली की हा फरक उत्पन्न होतो. तो आकडा तू नीट पाहिला असतास तर कारण तुझे तुलाच सुचले असते. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवावयास लावता येते, परंतु तसे केल्यास ‘टाइमडेट-सीटीएल’ स्वतःच सावधगिरीचा इशारा देते. यास्तव विंडोजच्या रजिस्ट्रीत ‘रिअल टाइम इज युनिव्हर्सल’ ही नोंद घालून त्यालाच यूटीसी मानावयास लावणे मला अधिक प्रशस्त वाटते.

पार्टिशनची तक्रारही दोन प्रणालींच्या सहवासातूनच उद्भवली आहे. ‘शट डाऊन’ केल्यावर विंडोज पूर्णतः बंद होते असा तुझा समज आहे. वस्तुतः ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय चालू असेल तर ते आपल्या कर्नलची अवस्था डिस्कवर लिहून ठेवून अर्धवट निद्रेत जाते, आणि एनटीएफएस पार्टिशन तशा स्थितीत आढळले की लिनक्स त्यावर लिहिण्यास नकार देते. हा नकार तुझ्या फायलींच्या रक्षणार्थ आहे. जबरदस्तीने तो मोडू नकोस. फास्ट स्टार्टअप बंद कर, आणि लिनक्समध्ये खेळावयाच्या खेळांसाठी एक्स्ट-फोर पद्धतीचे स्वतंत्र पार्टिशन राखून ठेव.

आता खेळाकडे वळतो. ‘गेम लॅग मारतो’ एवढेच तू लिहितोस, आणि नेमका केव्हा, हा ज्यावर सारे निदान अवलंबून आहे तो तपशील पत्रात नाही. नव्या प्रदेशात पाऊल टाकताच खेळ अडखळत असेल आणि तोच प्रदेश दुसऱ्यांदा सुरळीत जात असेल, तर ते शेडरचे काम आहे. विंडोजसाठी लिहिलेला खेळ ग्राफिक्स कार्डाला डायरेक्ट-थ्रीडीच्या पद्धतीने हुकूम देतो, असे खेळ लिनक्सवर चालवणाऱ्या प्रोटॉनमधील डीएक्सव्हीके हा भाग ते हुकूम व्हल्कनच्या पद्धतीत उतरवतो, आणि प्रकाश, छाया, पृष्ठभाग यांसाठी लागणारे शेडर नावाचे छोटे प्रोग्रॅम प्रथमच समोर आले की ते तुझ्या कार्डासाठी जागच्या जागी तयार करावे लागतात. एकदा तयार झाले म्हणजे ते साठवले जातात आणि अडखळणे थांबते. स्टीममध्ये हे काम आधीच उरकून घेण्याची तजवीज आहे. ते चालू असताना ‘स्किप’चे बटण दाबण्याची घाई करू नये, एवढेच पथ्य.

याच्या उलट, पहिली पंधरा-वीस मिनिटे खेळ उत्तम चालून पुढे त्याची गती ढासळत असेल, तर बहुधा उष्णता हे कारण समजावे. प्रोसेसर फार तापला की स्वतःच्या बचावासाठी आपला वेग उतरवतो. ‘सेन्सर्स’ या कमांडने तापमान पाहत खेळलास आणि आकडा नव्वद अंशांच्या पलीकडे जाऊन तेथेच रेंगाळताना दिसला, तर कोणताही ड्रायव्हर बदलण्यात अर्थ नाही, पंख्यातील धूळ काढली पाहिजे आणि यंत्र गादीवरून उचलून टणक टेबलावर ठेवले पाहिजे. विदर्भातल्या एप्रिल-मे महिन्यांत तर याची खातरजमा सर्वांआधी करावी. आणखी एक प्रकार असा की मधूनच सर्व पडदा काही क्षण गोठतो आणि डिस्कचा दिवा अखंड जळत राहतो. तेव्हा ‘फ्री’ ही कमांड देऊन मेमरी शिल्लक आहे की स्वॅपवर भार पडला आहे ते पाहावे, आणि मागे उघडा ठेवलेला ब्राउझर बंद करावा.

परंतु तुझ्या पत्राचा एकंदर रोख पाहता खेळ पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत सारखाच मंद असावा असे मला वाटते, आणि तसे असेल तर कारण निराळे आहे. तुझ्या लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप आहेत, एक इंटेलच्या प्रोसेसरमध्येच असलेली आणि दुसरी एनव्हिडियाची स्वतंत्र. आणि बहुधा सगळा खेळ पहिल्या, दुबळ्या चिपवर चालला आहे. ‘एलएस-पीसीआय’ला ‘के’चा पर्याय जोडून कमांड दे, प्रत्येक उपकरणाखाली कोणता ड्रायव्हर कामावर आहे ते तेथे लिहिलेले असते. एनव्हिडियाच्या खाली ड्रायव्हरची ती ओळच नसेल, तर ड्रायव्हर बसवतानाचा प्रसंग आठवून पाहा. यंत्रात सिक्युअर बूट चालू असल्यास बाहेरून आलेल्या ड्रायव्हरवर मान्य किल्लीची सही असावी लागते. त्यासाठी उबुंटू हे लिनक्सचे वितरण एक पासवर्ड विचारते, आणि पुढच्या बूटच्या वेळी निळ्या पडद्यावर ती किल्ली दाखल करून घ्यावयाची असते. बहुतेक मुले तो निळा पडदा पाहून गोंधळतात आणि ‘कंटिन्यू बूट’ निवडून मोकळी होतात. मग किल्ली दाखल होत नाही, कर्नल ड्रायव्हर नाकारतो, आणि त्या नाकारण्याची स्पष्ट नोंद डीमेसेजमध्ये पडून राहते. फॉरमॅट मारून तू पुन्हा स्थापना केलीस आणि पुन्हा तोच पडदा तसाच ओलांडलास, तर पुन्हा येथेच येऊन पोचशील. ड्रायव्हर जागेवर असूनही खेळ मंद असेल तर मात्र खेळाला मोठी चिप नेमून द्यावी लागते. ती तजवीज आपण नंतर पाहू. एका वेळी एकच बदल कर आणि त्याचा परिणाम पाहून मगच दुसऱ्यास हात घाल. चार बदल एकदम केलेस तर कोणत्या बदलाने काम झाले ते कधीच कळणार नाही.

तुझ्या मित्राचा व्हॅलोरंट हा खेळ लिनक्सवर चालत नाही, त्यासाठी मात्र रात्री जागवू नका. त्याचे व्हॅनगार्ड हे फसवणूक-प्रतिबंधक तंत्र विंडोजच्या कर्नलमध्ये शिरून बसते आणि त्याला लिनक्सवर स्थान नाही. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या तशाच तंत्रांनी २०२१ साली प्रोटॉनसाठी दार उघडले, परंतु ते प्रत्येक खेळासाठी उघडावे की नाही हा अखत्यार खेळाच्या निर्मात्याचा आहे. अपेक्स लेजेंड्स तर अगोदर चालत होता आणि २०२४ च्या ऑक्टोबरअखेर त्याच्या निर्मात्यांनीच लिनक्सवरील प्रवेश बंद केला. अशा खेळासाठी विंडोज ठेवावे, नाहीतर तो खेळ सोडावा. मी सोडण्याच्या बाजूचा आहे. खेळासारख्या गोष्टीसाठी दुसऱ्याच्या प्रोग्रॅमला आपल्या यंत्राच्या कर्नलपर्यंत सदैव वहिवाट द्यावी, हे मला पटत नाही. आणि जे चालते तेही थोडे नाही. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारा वाइन हा प्रकल्प १९९३ साली सुरू झाला आणि त्याची पहिली पूर्ण आवृत्ती निघावयास २००८ साल उजाडले. नीर ऑटोमाटा हा खेळ लिनक्सवर खेळता यावा या ओढीने फिलिप रेबोले याने डीएक्सव्हीके लिहावयास घेतला. आणि या दोहोंच्या आधारावर व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ च्या ऑगस्टमध्ये प्रोटॉन आणला, ज्याच्या भरवशावर २०२२ पासून स्टीम डेक हे हातात धरावयाचे यंत्र चालते आहे. एवढ्या लोकांच्या एवढ्या वर्षांच्या श्रमाचे फळ तुला एका क्लिकवर मिळते, याची जाणीव खेळताना मनात असू दे.

एक गोष्ट मी अधिक कडक शब्दांत सांगतो. कोणीतरी सांगितलेली कमांड अर्थ न कळता टर्मिनलमध्ये चिकटवू नकोस, आणि तिच्या आरंभी प्रशासकाचे अधिकार देणारे ‘सुडो’ असेल तर मुळीच नको. कमांडच्या नावाआधी ‘मॅन’ लिहिलेस की तिची माहितीपुस्तिका समोर उघडते. प्रत्येक अक्षराचा अर्थ त्यात पाहून मग एंटर दाब. फेडोरासाठी लिहिलेला उपाय उबुंटूवर, आणि दहा वर्षांपूर्वीचा उपाय आजच्या आवृत्तीवर, लागू पडेलच असे नाही. लिनस सेबॅस्टियन या कॅनडातील प्रसिद्ध तंत्रसमीक्षकाने २०२१ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध केलेल्या चित्रफितीत जो प्रकार दिसतो तो तू अवश्य पाहा : पॉप ओएस या वितरणावर केवळ स्टीम बसवावयाचे म्हणून त्याने कमांड दिली, त्या वेळी तेथील पॅकेजांत दोष होता, प्रणालीने अत्यावश्यक पॅकेजे काढली जातील असा इशारा देऊन संमतीचे एक संपूर्ण वाक्य टंकून मागितले, त्याने ते टंकले, आणि सारा डेस्कटॉपच नाहीसा झाला. दोष वितरणाचा होता हे खरे आणि तो पुढे दुरुस्तही झाला. तथापि काय काय काढले जाणार त्याची यादी आधी पडद्यावर छापलेली होती. ती वाचावयास अर्धे मिनिट पुरले असते.

कोणते वितरण चांगले, हा वाद वसतिगृहात रंगतो तसा रंगू दे. तू त्यात पडू नकोस. उबुंटूची दीर्घ आधाराची आवृत्ती किंवा तिच्यावर आधारलेले मिंट तुला पुरेसे आहे. आर्च शिकावयास उत्तम, पण ते सुट्टीत.

ताईचे म्हणणे असे की तू खेळात वेळ दवडतोस. मी तिला कळवले आहे की पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी ‘राजी’सारखा खेळ घडवून २०२० साली जगापुढे ठेवला, तेव्हा ही कला काही हीन नव्हे. परंतु तिच्या काळजीतही तथ्य आहे. फ्रेम उशिरा का आली हे शोधताना तू शेड्यूलर, मेमरी, फाइल सिस्टिम हे सर्व शिकशील. नुसते रात्रभर खेळत राहिलास तर त्यातले काही हाती येणार नाही. प्रश्न सुटेपर्यंत एक वही जवळ ठेव आणि केव्हा काय बदलले, काय दिसले, ते तारखेनिशी लिहीत जा.

शेवटी, टाइमशिफ्ट या साधनाने प्रणालीची प्रत काढून ठेव. मात्र तुझे होम फोल्डर ते आपण होऊन त्यात घेत नाही, म्हणून प्रकल्पाच्या व अभ्यासाच्या फायली बाहेरच्या डिस्कवर निराळ्या उतरव, आणि परीक्षा संपेपर्यंत नवी आवृत्ती चढवू नकोस. हे झाले की एलएस-पीसीआयच्या त्या ओळी आणि डीमेसेजमध्ये एनव्हिडियाचा उल्लेख जेथे जेथे आहे त्या ओळी जशाच्या तशा, एक अक्षरही न गाळता, मला पाठव. तोवर फॉरमॅट मारू नकोस.

कळावे.

तुझा,
मामा