सोनकिड्याचे पंख

चार-दोन चांगले पाऊस झाले, की रिसोडच्या शिवारात बांधावरच्या बाभळींवर सोनकिडे दिसू लागतात. पाल्यात लपलेला तो झळाळता किडा शोधून काढावा व काड्यापेटीत पाला घालून त्यास जपावे, हा मुलांचा जुना खेळ होय. किडा बिचारा थोड्याच दिवसांत मरतो. मुले हळहळतात, परंतु पेटी उघडून पाहावी, तो पंखांची झळाळी कायम!

ही झळाळी रंगद्रव्याची नव्हे. सोनकिडा हा ढालपंखी कीटकांच्या गणातला. त्याचे पुढचे दोन पंख कठीण असून खालच्या नाजूक पंखांवर ते ढालीप्रमाणे झाकण घालतात. या कठीण पंखांत अत्यंत पातळ असे थर एकावर एक रचलेले असतात. त्यांवरून प्रकाश परावर्तित होताना, साबणाच्या फुग्यावर दिसतात तसे रंग उमटतात. थरांची रचना शाबूत, तोवर रंग शाबूत. जर्मनीतील मेसेल येथे सुमारे ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचे सोनकिडे खडकात सापडले. त्यांवर धातूसारखी चमक अद्यापि आहे.

विदर्भातील पुरावा याहूनही जुना आहे. रिसोडची काळी जमीन ज्या काळ्या पाषाणापासून झाली, तो पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा थांबून थांबून वाहिला. दोन लोटांच्या मधल्या काळात झाडेझुडपे वाढली, तळी साचली. तळ्यांतील गाळावर पुढचा लोट पसरला व गाळाचा दगड झाला. नागपूरजवळील टाकळी येथे अशा दगडात गोड्या पाण्यातील गोगलगाईंचे शंख, फळे व बिया मिळाल्या, आणि त्यांच्यासमवेत ढालपंखी किड्यांचे कठीण पंख!

हे अवशेष स्टीफन हिस्लॉप व रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांनी जमविले. हिस्लॉप १८४५ साली नागपुरास आले. शाळा चालवून उरलेल्या वेळात दगड पारखण्याचा त्यांस नाद होता. १८६० साली अँड्र्यू मरे यांनी या पंखांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि सोनकिड्यांच्या कुळातील म्हणून एका किड्यास ‘लोमॅटस हिस्लोपी’ हे नाव दिले. केवळ पंखावरून कुळ ठरविणे हे धाडसाचेच काम म्हटले पाहिजे.

१८६३ साली टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना हिस्लॉप पुराच्या पाण्यात बुडाले. त्यांच्या नावाचे महाविद्यालय नागपुरात सर्वांस परिचित आहे. त्यांच्या नावाचा किडा मात्र फारच थोड्यांस ठाऊक आहे.