पुस्तक निघेल, पण करिअर?

लेखक व्हायचं ठरवलेल्या मुलामुलींच्या घरात, त्यातही मूल सेमिनरीत शिकत असेल तर, हल्ली एक नवाच प्रश्न येतो. हस्तलिखित तयार आहे, अमेरिकेतली एक ख्रिस्ती कंपनी ते छापायला राजी आहे, फक्त पॅकेजचे पैसे भरायचे आहेत, भरावेत का? आईवडील या पैशांकडे कॉलेजच्या फीसारखं पाहतात. आज खर्च, उद्या पायावर उभा राहील, असा हिशेब. तो इथे लागू पडत नाही. फी भरली की शिक्षण मिळतं, परीक्षा होते, कुणीतरी नापासही करतं. अशा कंपनीत लेखक हाच गिऱ्हाईक असतो आणि गिऱ्हाइकाला सहसा कुणी नापास करत नाही. हस्तलिखित श्रद्धेला धरून आहे ना, एवढं काही ठिकाणी पाहिलं जातं. ते चांगलं लिहिलंय का, ही चाळणी वेगळी.

या धंद्याची घडण समजली की पुढचं सोपं जातं. मागणीनुसार छपाईचं तंत्र मोठ्या प्रमाणावर आलं ते १९९७मध्ये. इन्ग्रॅम या पुस्तक वितरण कंपनीने अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात लाइटनिंग प्रिंट (पुढे लाइटनिंग सोर्स) सुरू केली तेव्हा. ऑर्डर आली की एक प्रत छापायची. हजार प्रतींची आवृत्ती नको, गोदाम नको. यामुळे पुस्तक काढण्याचा खर्च इतका उतरला, की लेखकाकडून सुरुवातीलाच पैसे घेऊन पुस्तक काढून देणं हा स्वतंत्र व्यवसाय झाला. झुलॉन प्रेस २००० साली निघाली ती खास ख्रिस्ती लेखकांसाठी. २००९मध्ये थॉमस नेल्सन या जुन्या ख्रिस्ती प्रकाशन संस्थेने वेस्टबो प्रेस काढली. तिचं प्रत्यक्ष काम ऑथर सोल्युशन्स ही कंपनी पाहू लागली. पॅकेजं हजार डॉलरच्या आसपास सुरू होऊन कित्येक हजारांपर्यंत जातात. उदाहरणादाखल धरू, की पॅकेज तीन हजार डॉलरचं, म्हणजे अडीच लाख रुपयांहून जास्त. पुस्तकाची किंमत १५ डॉलर, वितरक आणि दुकानदाराची सवलत ५५ टक्के. उरले पावणेसात. छपाईचे चार गेले. पावणेतीन डॉलर हाती. नुसते घातलेले पैसे परत यायलाच जवळपास अकराशे प्रती खपायला हव्यात, आणि उरलेल्यात कंपनीचा वाटा असेल तर आणखी. हे अकराशे वाचक कोण, हे माहीत नसलेल्या नवख्या लेखकाच्या प्रती शेवटी ओळखीचे, नातेवाईक आणि तो स्वतःच विकत घेतात.

‘पण पुस्तक जगभर उपलब्ध होईल,’ असं जाहिरातीत असतं आणि ते खोटं नसतं. वितरकाच्या यादीत नाव येतं, इंटरनेटवर शोधलं की सापडतं. मात्र यादीत असणं वेगळं आणि दुकानाच्या फळीवर असणं वेगळं. न खपलेली प्रत परत करता येत नसेल तर दुकानदार ती ठेवायला कचरतो. आणि ज्या ख्रिस्ती पुस्तक दुकानांची स्वप्नं दाखवली जात, तीच आटली आहेत. फॅमिली ख्रिश्चन स्टोअर्सने २०१७मध्ये आपली सुमारे २४० दुकानं बंद करायचं ठरवलं. दोन वर्षांनी लाइफवेनेही १७० दुकानं मिटायचं जाहीर केलं. मंगल कार्यालयवाला हॉल देतो, मांडव देतो. स्थळ शोधून देत नाही. कंपनीकडून छपाई घ्यावी, वाचक तिच्याकडे मागू नयेत.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : स्वतः छापलेल्या पुस्तकांतूनच मोठे लेखक निघाले नाहीत का? निघाले. विल्यम पॉल यंग यांच्या ‘द शॅक’चं उदाहरण हमखास दिलं जातं. प्रकाशकांनी नाकारलेली ही ख्रिस्ती कादंबरी २००७मध्ये आली आणि पुढे तिच्या कोटीच्या घरात प्रती खपल्या. पण नीट पाहिलं तर हे उदाहरण पॅकेजच्या बाजूचं नाहीच. यंग यांनी आधी १५ प्रती काढल्या होत्या, त्याही घरच्या माणसांसाठी आणि मित्रांसाठी. नंतर दोन परिचितांनी त्या मजकुरावर त्यांच्याबरोबर दीर्घकाळ काम केलं, पुस्तकासाठी छोटी प्रकाशन संस्थाच काढली आणि वाचकांनी वाचकांना सांगत खप वाढवला. म्हणजे तिथे पुनर्लेखन होतं आणि पुस्तकामागे उभी राहणारी माणसं होती. या दोन्ही गोष्टी पॅकेजच्या दरपत्रकात सहसा नसतात. असलंच तर संपादन वेगळ्या दराने मिळतं. वेस्टबो सुरू झाली तेव्हा, चांगलं पुस्तक दिसलं तर मूळ प्रकाशन संस्था ते उचलेल, अशी आशाही दाखवली गेली. पॅकेज घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्याच वाट्याला येणारी शक्यता म्हणजे करिअरची वाट नव्हे.

तिसरा आक्षेप उघड बोलला जात नाही, पण निर्णय बहुतेकदा त्यावरच होतो : ‘आपल्या श्रद्धेचीच माणसं आहेत, फसवणार नाहीत.’ ओक्लाहोमातली टेट पब्लिशिंग स्वतःला ख्रिस्ती, कुटुंबाची संस्था म्हणवत असे आणि अनेक लेखकांकडून हजारो डॉलर घेत असे. छपाईच्या थकबाकीसाठी झेरॉक्स आणि लाइटनिंग सोर्स यांनी तिच्यावर दावे लावले, जानेवारी २०१७मध्ये ती बंद झाली आणि त्याच वर्षी राज्याच्या ॲटर्नी जनरलनी मालकांवर फौजदारी आरोप ठेवले. लेखकांच्या फायली आणि पैसे अडकले ते वेगळंच. सगळ्याच कंपन्या अशा, असा याचा अर्थ नाही. अनेक ठिकाणी ठरलेलं काम ठरलेल्या पैशांत होतं. पण श्रद्धा एक असली तरी करार वाचावाच लागतो. हक्क कुणाकडे राहणार? मांडणीची अंतिम फाइल आपल्याला मिळणार का? करार मोडायचा तर किती दिवसांची सूचना? आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, कुणाच्या नावावर? भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून तो मोफत मिळतो. कॉपीराइट लिहिल्याक्षणीच लेखकाचा होतो, नोंदणी ऐच्छिक आहे. या दोन गोष्टींसाठी कुणी ‘सेवाशुल्क’ लावत असेल तर आईवडिलांनी तिथेच थांबून विचारावं.

‘मराठीत तरी प्रकाशक कुठे फुकट छापतात?’ हेही खरं आहे. नवोदितांकडून पैसे घेणं, प्रती गळ्यात मारणं इथेही चालतं, आणि त्याला वरचाच युक्तिवाद लागू आहे. पण ख्रिस्ती विषयाला मराठीत दारंच बंद आहेत, हे मात्र चुकीचं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ पुण्याच्या राजहंस प्रकाशनाने काढलं आणि २०२०च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे आलं. त्याआधी त्यांनी वसईत ‘सुवार्ता’ मासिकाचं संपादन वर्षानुवर्षं केलं होतं. अंकाची तारीख पाळणं, दुसऱ्याचा मजकूर कापणं, वाचकांची पत्रं सोसणं, हे शिक्षण लेखकाला मासिकात मिळतं. १८४२ साली अहमदनगरात सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’पासून मराठी ख्रिस्ती नियतकालिकांची परंपरा आहे. मुलाने पुस्तकाआधी अशा ठिकाणी दहा-बारा लेख छापून आणले तर लेखनाचा कस लागतो आणि वाचक कोण हेही थोडंफार कळतं.

छपाईच्या धंद्यात पोटापाण्याची सोयही आहे, फक्त ती दुसऱ्या बाजूला. निर्णयसागर छापखान्याचे संस्थापक जावजी दादाजी यांनी अक्षरं घडवण्याची विद्या मुंबईच्या अमेरिकन मिशन प्रेसमध्ये घेतली. पुस्तक लिहून नव्हे, टाइप पाडून ते मोठे झाले. आज त्या जागी युनिकोड देवनागरीची निर्दोष मांडणी, मुद्रितशोधन, भाषांतर, सूची करणं, ई-पुस्तक तयार करणं ही कामं आहेत. मराठी नीट येणारा, जोडाक्षरं न फोडता पान लावणारा माणूस शोधताना प्रकाशक थकतात. ज्याला ही कामं येतात त्याला मागणीनुसार छपाईसाठी पॅकेजही लागत नाही. तो स्वतः फाइल तयार करतो, मंडळीच्या रविवारच्या वर्गासाठी पन्नास प्रती मागवतो, त्या संपल्या की आणखी पन्नास. आणि शेजारच्या चर्चचं तसंच काम पैसे घेऊन करून देतो.